पिवळे जाकीट

वाल्पाराइसोत बंदरामागच्या गल्लीत आमचे थिएटर होते, आणि बाल्कनीच्या जिन्याच्या तोंडाशी, हातात बॅटरी घेऊन, दोन्या ओतिलिया काताल्दो उभी असे. ('दोन्या' म्हणजे आमच्याकडचे आदराचे 'बाई'.) तिसऱ्या घंटेआधी मी विंगेतून डोकावायचो. ती दिसली की वाटायचे, चला, आता पडदा उघडायला हरकत नाही.

डोअरकीपरने नाटक चोरून बघावे असा आमच्याकडे रिवाजच होता. ओतिलिया मात्र रंगमंचाकडे पाठ करून उभी राहायची, तोंड प्रेक्षकांकडे. मी एकदा चिडवले, "बाई, वीस वर्षं मी जीव तोडून नाचतोय, एकदा तरी वळून बघा!"

"तुला बघायला एवढी माणसं आहेत, फर्मीन. त्या माणसांना बघायला कोण आहे?"

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिची आई एका सिनेमागृहात झाडू मारायची. फुकटे घुसू नयेत म्हणून मालक बाजूच्या दाराला कुलूप घालायचा. एका दुपारी रिळे पेटली. ओतिलिया आईसाठी फडक्यात पाव बांधून त्याच दाराबाहेर उभी होती. दार उघडलेच नाही. हे तिने मला एकदाच सांगितले, आणि पुढे म्हणाली, "आत गेलेलं माणूस बाहेर आलं पाहिजे. बाकी नाटक कसंही होवो."

म्हणूनच, जेव्हा नगरपालिकेचे फर्मान आले, की आग लागल्यास प्रेक्षकांना बाहेर काढण्याचे शिक्षण प्रत्येक थिएटरने आपल्याच नोकरांना द्यावे, तेव्हा ते काम तिने मागून घेतले. मदतीला स्वयंसेवक अग्निशमन दलाचे कॅप्टन ओयार्सून आले. आमच्याकडचे बंबवाले पगारी नसतात. कॅप्टनचे दिवसा चष्म्याचे दुकान होते, भोंगा वाजला की ते चष्मे टाकून बंबावर चढत. भला माणूस, पण भाषण असे की तिकीटवाली बसल्या बसल्या घोरू लागली.

ओतिलिया पुढे झाली. "कॅप्टन, या लोकांना व्याख्यान कळत नाही. यांना तालीम कळते."

आणि तिने तालीमच बसवली! प्रत्येकाला जागा नेमून दिली, प्रत्येकाला एकच वाक्य दिले: "माझ्या मागे या." शेवटी आपल्या भागातले संडास, खोल्या, खुर्च्यांखालचे कोपरे बघायचे, बाहेर चौकात यायचे आणि तिला सांगायचे, "माझा भाग रिकामा." कोट सांभाळणारी बाई, रंगमंच कामगार, तिकीटवाली, सगळ्यांना पाठ. आम्ही नट प्रेक्षक व्हायचो. मी टोपीशिवाय बाहेर पडायला तयार नसलेला दारुडा करायचो. एकदा तो इतका रंगवला की दोन कामगारांनी मला खरेच उचलून चौकात नेऊन टाकले.

"छान केलंस," ओतिलिया म्हणाली. "आता पुढच्या वेळी जरा कमी छान कर. मला वेळ लागतो."

सगळ्यांत वर, बाल्कनीच्या मागच्या कोपऱ्यात, दिव्यांच्या खोलीत एलिसेओ बसायचा. रंगमंचावर नटाचा पाठलाग करणारा मोठा झोतदिवा त्याच्या हातात. ओतिलियाची आणि त्याची मैत्री जुनी होती. मध्यंतरात ती त्याला चहा आणि अवोकाडो लावलेला पाव वर नेऊन द्यायची. बाल्कनीला दोन जिने होते आणि कुठला सुरक्षित हे त्याला वरून कळणार नव्हते. म्हणून त्याचे काम ठरले: जागेवर थांबायचे. जो जिना सुरक्षित असेल त्याच्या तोंडाशी ओतिलिया उभी राहून हात वर करील, ती दिसली की तिच्याकडे यायचे.

"आणि तू नाही दिसलीस तर?" त्याने विचारले.

"मी कधी दिसले नाही असं झालंय का रे?"

मग कॅप्टननी खोके उघडले आणि जाकिटे बाहेर काढली. पिवळी धमक, वर चकाकत्या पट्ट्या.

सगळे दोन पावले मागे सरले. आमच्याकडे रंगमंचाच्या छताखाली पिवळे येत नाही. फुले नाहीत, रुमाल नाही. फार पूर्वी कुणी नट पिवळ्या पोशाखात प्रयोगात कोसळला म्हणतात. खरेखोटे कोण जाणे, पण पिवळा मोजा घालून आलेल्याला बाहेर घालवलेले मी स्वतः पाहिले आहे. आमची नायिका लेओन्तिना अपशकुन टळावा म्हणून लाकडाला हात लावत किंचाळली, "हे बाहेर न्या! आत्ताच्या आत्ता! नाहीतर मी उभी राहणार नाही!"

लेओन्तिनाला दोष देऊ नका. पंधराव्या वर्षापासून ती या भीतीबरोबर जगत होती, आणि त्याच भीतीने तिला रोज वेळेवर थिएटरात आणले होते. शिवाय ओतिलियाने तरी काय केले? तिनेही लाकडाला हात लावला.

"कॅप्टन, पिवळं नाही चालायचं."

"अहो बाई, धुरात हाच रंग दिसतो."

"आमच्या घरात आम्हाला सगळे ओळखतात."

कॅप्टननी हात टेकले. ओतिलियाने घरी मोठ्या पातेल्यात रंग उकळून जाकिटे त्यात बुडवली. गडद, वाइनसारखी लाल झाली. पट्ट्यांवरही रंग बसला. रंगमंचावरच्या आणि जिन्यांच्या तोंडावरच्या आमच्या पडद्यांचाच रंग तो. लेओन्तिनाने तिचा मुका घेतला. "आता कसं, आपल्यातली वाटतेस!"

हिवाळ्यातला रविवार, दुपारचा प्रयोग. वीजखोलीत ठिणगी पडली. धूर उजव्या जिन्यातून बाल्कनीत चढला. मी रंगमंचावर होतो, म्हणून मी सगळे पाहिले. तिकीटवाली, कोटवाली, कामगार, एकही जण वाक्य चुकला नाही. "माझ्या मागे या." लोक रांगेने निघाले. तेवढी शिस्तबद्ध तालीम मी आयुष्यात पाहिली नाही.

मग एलिसेओचा झोत माझ्यावरून हलला. वर गेला, बाल्कनीवर फिरू लागला. तो तिला शोधत होता. धुरात तो झोत पांढऱ्या भिंतीसारखा दिसत होता. तो डाव्या जिन्याशी आला. तिथे लाल पडद्यापुढे लाल जाकीट घालून ओतिलिया हात वर करून उभी होती, त्याला हाका मारत होती. मला माहीत होते ती तिथे आहे, तरी मला ती दिसली नाही. झोत तिच्यावरून गेला. परत आला. पुन्हा गेला. मी ओरडलो, पण त्या गोंगाटात विनोदी नटाचा आवाज किती पोचणार?

वीज गेली आणि झोत विझला. ओतिलियाला वाटले, दिवा बंद करून तो धुरात आपल्याजवळूनच खाली उतरला. ती शेवटच्या बाईला घेऊन खाली आली. चौकात सगळ्यांनी तिला सांगितले, माझा भाग रिकामा. शेवटी तिनेही म्हटले, "माझा भाग रिकामा." मग तिने माणसांकडे पाहिले. एकेका तोंडाकडे.

एलिसेओ खुर्चीतच सापडला. दिव्याचे तोंड डाव्या जिन्याकडे होते.

दफनाच्या वेळी तिने कॅप्टनना विचारले, "पिवळं असतं तर?"

"धूर फार होता, दोन्या."

"ते नाही विचारलं मी."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

वर्षाने आम्ही दुसऱ्या थिएटरात नाटक उभे केले. ओतिलियाने पुन्हा तालीम बसवली आणि पहिल्या प्रयोगाला पिवळे जाकीट घालून जिन्याशी उभी राहिली. कुणाची बोलायची हिंमत झाली नाही. पण नाटक पडले. पुढचेही पडले. विंगेत कुजबुज सुरू झाली. शेवटी व्यवस्थापक आरान्सिबिया तिच्याशी अगदी मऊ आवाजात बोलला, "दोन्या, प्रयोगापुरतं कपाटात ठेवा ना. लागलं तर घालाल."

"धुरात कपाट शोधू?"

तिने बॅटरी त्याच्या हातात ठेवली आणि टेकडीवरच्या पत्र्याच्या घरी गेली. मी रविवारी चहाला जायचो. जाकीट खिडकीजवळ खिळ्याला असायचे. एलिसेओचे नाव आम्ही दोघेही घेत नसू. मागच्या शरद ऋतूत ती गेली. लेओन्तिना आली होती, काळ्या कपड्यांत, आणि शवपेटीच्या लाकडाला बराच वेळ हात लावून उभी राहिली.

गेल्या महिन्यात मला एका पहिल्या प्रयोगाचे आमंत्रण आले. गुडघे कुरकुरत होते, तरी मी बाल्कनीतलीच जागा मागून घेतली. जिन्याच्या तोंडाशी एक टक्कल पडलेला डोअरकीपर होता, काळ्या सदऱ्यात. बोलता बोलता कळले, तालीम अजून तीच आहे, तीच वाक्ये. ती कुणी बसवली हे त्याला ठाऊक नव्हते.

"जाकीट कुठंय हो तुमचं?" मी विचारले.

"आहे ना, कपाटात." तो ओशाळून हसला. "पहिला प्रयोग आहे, काका. आज नको."

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. सगळ्यांची तोंडे रंगमंचाकडे वळली. मी खुर्चीत वळून बसलो आणि पडदा पडेपर्यंत जिन्याकडेच बघत राहिलो.