बारा घरांचा एक अर्ज

नाशिकला आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकू दर वाक्यामागे "कळलं का?" म्हणत. मी नुसती मान हलवायचे. बिल्डरनं आमच्या बारा घरांना नळ जोडून दिलेच नव्हते, पण तक्रार केली तर सगळ्यांसमोर बोलावं लागेल, याचीच मला धास्ती.

काकू म्हणाल्या, "दुखणं एकच, मग ओरडायला एक तोंड पुरे. तू नुसती सही कर, कळलं का?" ग्राहक मंचानं त्यांना सर्वांच्या वतीनं तक्रार चालवायची परवानगी दिली.

मध्येच बिल्डरचा माणूस आला. "काकू, तुमचा नळ उद्याच जोडतो, तक्रार मागे घ्या."

"तक्रार बारा घरांची आहे. कळलं का?"

निकालानंतर पाणी आलं, त्या सकाळी काकू धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि त्यांनी आमचा नळ सोडून पाहिला. म्हणाल्या, "आलं गं."

"कळलं, काकू," मी मोठ्यानं म्हणाले.