मोटर लागली का?

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणजे एक नंबर ढोंगी! मी बारावीला फिजिक्समध्ये उडालो, ऑक्टोबरला परत पेपर, आणि पुस्तक उघडलं की मन पळालंच. म्हणून आईने मला त्यांच्याकडे ध्यान शिकायला धाडलं. रोज सकाळी सहाला, गच्चीवर.

काका डोळे मिटून एकदम गोड आवाजात सांगायचे, "मन भटकलं तर रागवायचं नाही. हळूच परत आणायचं." आणि दोनच मिनिटांत जिन्यातून खाली बोंब, "अगं, मोटर लागली का? टाकी भरायचीय!"

खालून काकू, "लागली! तुम्ही ध्यान करा!"

मग दूध तापलं का, मग गॅसचा नंबर लावला का. मन भटकणार यांचं, धावणार काकू! माझं काय डोंबल टिकणार?

एक दिवस तीन हाका गेल्या तरी उत्तर नाही. काकूच धापा टाकत वर आल्या, माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि डोळे मिटले.

"आज तुम्ही बघा मोटर."

काका गुपचूप गेले. पहिल्यांदाच मला माझा श्वास ऐकू आला.

तेवढ्यात खालून, "अगं, मोटरचं बटण कुठलं?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. मीपण नाही.