मागची सीट नसलेली गाडी

लाल गाडी लिफ्टवर चढवलेली होती, मी टॉर्च घेऊन तिच्या पोटाखाली उभा होतो आणि संतोष पुन्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, कायतरी मोठा फॉल्ट काढा राव."

मंचरला माझं गाड्या तपासायचं छोटं वर्कशॉप आहे. जुनी गाडी घेण्याआधी लोक ती माझ्याकडे आणतात आणि मी बघून खरं काय ते सांगतो. आधी बरीच वर्षं चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होतो, त्यामुळे खोट काढायची सवय अंगात मुरलेली. बायकोच्या मते ती घरीही सुटत नाही. पण नसलेली खोट काढा, असं सांगणारं माणूस क्वचितच भेटतं.

गिऱ्हाईक खरं तर संतोष नव्हता, त्याचे वडील होते. निरगुडसरचे दगडूभाऊ, एस.टी.चे रिटायर्ड ड्रायव्हर. उभी हयात भीमाशंकरच्या रस्त्यावर बस चालवली, पण स्वतःची गाडी कधी घेतली नाही. आता फंडाचे पैसे हातात आले होते. संतोषने आईवडिलांसाठी नवी कोरी सेडान बुक करून ठेवली होती. सेडान म्हणजे चार दारांची, मागे डिकी असलेली आपली नेहमीची गाडी, इथेच बनलेली. दगडूभाऊंचा जीव मात्र पुण्यातल्या एका जुन्या स्पोर्ट्स कारवर जडला होता. जपानहून आलेली, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली, वर कापडाचं छप्पर. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखी. शेवटचा शब्द माझा, असं बापलेकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. असल्या मानाची मला धास्ती वाटते.

तपासायला लागलो. पत्र्यावर रंग किती जाड बसलाय ते सांगणारं एक मीटर असतं. ठोकलेल्या गाडीत पुट्टी भरलेली असते, तिथे आकडा एकदम चढतो. इथे तो कुठेच चढला नाही. मग स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला बोलतं केलं. किलोमीटर मागे फिरवल्याची खूण नाही. खाली गंज नाही, तेलाचा थेंब नाही. इंजिन सुरू केलं आणि हातातलं काम सोडून ऐकत राहिलो. इतकं निकोप यंत्र माझ्या लिफ्टवर फार कमी वेळा आलंय. ज्यांनी बनवलं त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

मग दगडूभाऊंना चालवायला दिली आणि मी शेजारी बसलो. घोडेगाव रस्त्याला लागलो. वळण मला दिसायच्या आत यांचा गियर खाली आलेला असायचा. ना झटका, ना घाई. पोटातलं पाणी हललं नाही. अवजड बस ओढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे हात इतके हलके असतील, असं मला वाटलं नव्हतं. एवढ्या चांगल्या ड्रायव्हरच्या शेजारी मी पूर्वी कधी बसलो नव्हतो, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते लाजले.

परत आल्यावर निकाल द्यायची वेळ आली. संतोष उभा, दगडूभाऊ उभे, आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई खुर्चीवर चहाचा कप धरून बसलेल्या. त्या सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी सरळ सांगितलं. गाडीत खोट नाही, पण ही तुमच्या कामाची नाही. ग्राउंड क्लिअरन्स कमी, म्हणजे गाडीचं पोट रस्त्याच्या फार जवळ. आमच्याकडचे स्पीड ब्रेकर गावकऱ्यांनी रागाच्या भरात घातल्यासारखे असतात, त्यावर हिचं पोट घासणार. पार्ट बाहेरून येणार, कधी येईल ते देवाला ठाऊक. डिकी नावापुरती. आणि सीट दोनच. सेडानला वॉरंटी आहे, सर्व्हिस मंचरलाच होते, पाच माणसं बसतात. माझं मत सेडानला.

संतोषचा चेहरा खुलला. दगडूभाऊंनी मान हलवली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तुमी म्हणताय ते बराबर हाय," एवढंच म्हणाले. बोनेटवरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मत बदलायचं नसतं, त्याचेच लोक मला पैसे देतात.

तेव्हा इंदूबाईंनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, या लाल गाडीला मागं सीट बसवता येते का. मी म्हटलं, नाही काकू, जागाच नाही. पुढंमागं कधी? कधीच नाही.

"मंग हीच घ्या," त्या म्हणाल्या.

संतोष चक्रावला. आई, लोक हसतील, तुझे गुडघे दुखतात, ही जमिनीला टेकलेली, असं बरंच बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, जन्म खुरपायला बसण्यात गेला, मला उंच बैठक कशाला. माणसं न्यायची तर तुझी गाडी हायेच की. शिटा असल्या का नणंदा येत्यात, पोती येत्यात, लग्नाचं वऱ्हाड येतं. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, ह्यांच्या एस्टीनं तळेघरला म्हायेरी किती बी येळा गेले. ह्यांच्या मागच्याच शिटावर बसायचे. समोर पाटी, चालकाशी बोलू नये. ह्ये म्हनायचे, डुटीवर बायको बी पॅशिंजरच. घरी आले का झोपायचे. माझं लई बोलायचं ऱ्हायलंय."

दगडूभाऊ खाली बघत म्हणाले, "तसा नियमच व्हता."

दगडूभाऊंनी पुढे होऊन गाडीचं डावीकडचं दार उघडलं. इंदूबाई आधी टेकल्या, मग पाय आत घेतले, अगदी पाटावर बसल्यासारख्या. उतरताना मात्र गुडघ्याने दगा दिला. दगडूभाऊंनी दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. संतोषने ते पाहिलं आणि फोन काढून सेडानचं बुकिंग रद्द करायला सांगितलं. मला तो मुलगा त्या क्षणी फार आवडला.

पुढे दिवाळीनंतर घोडेगावच्या अलीकडे मला ती लाल गाडी दिसली. एका उंच स्पीड ब्रेकरपाशी थांबलेली. इंदूबाई खाली उतरून समोर उभ्या होत्या आणि कंडक्टरसारखा हात हलवत होत्या, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या." गाडी तिरकी होऊन, न घासता पार झाली. त्या परत आत बसल्या. मी बाईक थांबवून विचारलं, कशी चाललीये?

"गाडी लई झ्याक," दगडूभाऊ म्हणाले. "पण तळेघर येतं तरी हिचं बोलनं सरत नाय."

"मंग भीमाशंकरपतुर न्या," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नेलं.

माझा सल्ला चुकला होता का? मुळीच नाही. आजही मी सेडानच सांगेन. फक्त सांगायच्या आधी, शेजारी कोण बसणार, एवढं विचारून घेईन.