एवढ्या पगारात, जालन्यात

आत्याच्या यजमानांची एस.टी.तली बदली झाली, त्यांचं बिऱ्हाड जालन्याहून हललं, आणि मी मागे राहिले. शाळा सातवीतच सुटलेली, घर तिकडे कोकणात समुद्राकाठी. इथे बियाण्यांच्या कंपनीत बी निवडायचं, पिशव्या भरायच्या. सहा महिन्यांनी दादा मला न्यायला आला. एवढ्या पगारात शहरात एकटीचं भागत नाही, असं त्याचं म्हणणं. बाबांनाही त्याने ते पटवलं होतं.

रविवारी त्याने मला बाजारात फिरवलं, दुकानादुकानांत भाव विचारले आणि खोलीवर येऊन कागदावर मांडले. दोन वेळचा तांदूळ, रोज अर्धा नारळ, आठवड्यातून दोनदा मासे, खोबरेल, शिवाय भाडं. पगार वीस तारखेलाच संपला. बेरीज चुकलेली नव्हती. दादा दहावी झालेला. लिहिलेल्याला खोटं म्हणायची मला सवय नव्हती.

घरमालकीण मावशी दारात ज्वारी निवडत होत्या. मूळच्या वाटूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांनी विचारलं, "दादा, हा खर्चा कुणाचा मांडून राह्यले?"

"हिचाच."

"हिचा न्हाई. तुमचा हाय हा."

मग मला बोलावंच लागलं. मी भात सोडलाय, हे घरी कळवलं नव्हतं. आई रडली असती. पहिल्या महिन्यात मीही तांदूळच आणला होता आणि अगदी दादाच्या कागदासारखी वीस तारखेला रिकामी झाले होते. उरलेले दहा दिवस मावशींनी जेवू घातलं, आणि मग परातीपुढे बसवून भाकरी थापायला शिकवलं. माझ्या पहिल्या भाकरी तव्यावर फाटायच्या. त्या फाटक्या भाकरी मावशी मुकाट्याने खायच्या. भाडंही निम्मंच घेत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा त्यांचे ड्रम मी भरायचे.

दादापुढे ताट ठेवलं. भाकर, बेसन, ठेचा, कांदा. घशाला टोचतं म्हणत त्याने दोन भाकरी संपवल्या.

"भात सोडून माणूस जगतो काय गो?"

"तुझ्यासमोर बसलेय की."

"आणि आजारी पडलीस तर?"

या प्रश्नाची धास्ती मला रोज असायची. साधं अंग कसकसलं तरी मी घाबरायचे. पण त्या दिवशी म्हटलं, "तर नाही भागणार. तेव्हा पत्र टाकीन, तू ये. पण आज मी धडधाकट आहे. न आलेल्या तापासाठी मी काम सोडणार नाही."

त्याने कागदाची घडी घातली. मग बाबांना काय सांगू, म्हणाला. मी म्हटलं, "सांग, ती कमी खात नाही. वेगळं खाते."

सोमवारी सकाळी तो एकटाच निघाला. हिच्यावर लक्ष असू द्या, असं मावशींना म्हणाला.

"मी काय ठिवू? तीच माझ्यावर ठिवून राह्यली," मावशी म्हणाल्या. दादाने हसू दाबलं.

त्याला गाडीत बसवून द्यायची फार इच्छा होती. पण स्टँडवर गेले असते तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला असता, आणि तेवढ्याने त्याचा हिशेब बरोबर ठरला असता. कोपऱ्यावर त्याला रस्ता दाखवला आणि मी कंपनीकडे पळत सुटले.