मोठीचा पान्हा

बायकोने परस्पर बुकिंग केलं आणि मला शुक्रवारी जेवताना सांगितलं. हिंगण्याच्या पुढे एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ जातीच्या गाई सांभाळतात, आता तिथे पाहुणेही ठेवतात, शनिवारी जायचं आणि रविवारी परत यायचं. मी म्हटलं, "मनीषनगरच्या रस्त्यावर गाई कमी पडून राहिल्या का?" ती म्हणाली, "बॅग भरली आहे." विषय संपला. रविवारी संध्याकाळी सक्करदऱ्याच्या मित्राकडे सावजी मटणाचा बेत होता. तोवर परत आलो म्हणजे झालं, असं म्हणून मी गाडी काढली.

तिथे पोचल्यावर खोली राहिली बाजूला, आधी आम्हाला गाईंचा कोठा दाखवला. लांबलचक कोठा, दगडी गव्हाणी, त्यांच्या कडा गाईंच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या. गाई सगळ्या पांढऱ्याशुभ्र. मला तर एकच गाय पुन्हापुन्हा बांधल्यासारखी वाटली. मालकीणबाई साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत, उजवा हात प्लास्टरमध्ये. न्हाणीत पाय घसरून मनगट मोडलं होतं. त्यांच्या पूर्वजांचे बैल भोसल्यांच्या फौजेच्या गाड्या ओढत, असं त्यांनी सांगितलं. आलो तेव्हा त्या गोष्टीला पाच पिढ्या झाल्या होत्या, चहा होईपर्यंत सात झाल्या. मी हसलो तर बायकोने कोपर मारलं.

घरातली दुसरी बाई म्हणजे त्यांची सून. लग्नाआधी हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. नवरा अजूनही तिथेच शिफ्टमध्ये. पाहुणे ठेवायची कल्पना हिचीच. पोरगी कामाला वाघीण, पण आवाज असा की चहात साखर किती, हे विचारलेलंही मला ऐकू येईना.

त्या दिवशी पहाटेच कळपातली म्होरकी गाय व्याली होती. तिला सगळे मोठी म्हणत. घराची रीत अशी की गाय व्याली असताना पाहुणा मुक्कामाला असेल, तर त्याने चिकाचा खरवस खाल्ल्याशिवाय घर सोडायचं नाही. मला खरवस जिवापाड आवडतो, म्हणून मी खूश झालो. मग कळलं, खरवस व्हायला चीक लागतो, आणि चीक काढणार कोण हाच तर घरातला घोर होता.

मोठीला आजवर फक्त मालकीणबाईंचा हात माहीत. वासरू लावलं की पान्हा सोडायची, सून धारेला बसली की सगळं दूध चोरून घ्यायची. कास दगडासारखी झाली होती. संध्याकाळी भाकरी थापताना सूनबाईने माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "काकू, बाकीच्या गाई माह्या हाताले लागल्या. पण आई म्हणते, मोठीनं मानलं नाही त् कोठा चालत नाही. सोमवारी मामा टेम्पो घेऊन येऊन राहिले. सगळ्या गाई घेऊन जातीन." मामा म्हणजे मालकीणबाईंचे भाऊ. सूनबाईचे डोळे भरले होते. कंपनीची नोकरी तिने हसत सोडली होती, पण हा कोठा तिला सोडवत नव्हता. बायकोकडून ते ऐकून मला मटणाची आठवण काढायची लाज वाटली. तरी काढलीच.

शनिवारी संध्याकाळी तिने सासूचं लुगडं नेसून पाहिलं. मोठीने पदर हुंगला, सूनबाईकडे पाहिलं आणि बादली उडवली. रविवारी सकाळी बायकोने मालकीणबाईंना विचारलं, "धार काढताना तुम्ही काही गाणं वगैरे म्हणता का हो?"

"गाणं? नाई वं बाई. माह्या तोंडात त् देवाचंच नाव राह्यते."

झालं, सूनबाई देवाचं नाव घेत बसली. इतक्या गोड आवाजात की मलाच पेंग आली. मोठी मख्ख. गाय जुमानेना, देवही जुमानेना.

दुपार कलली. माझा धीर सुटला. सूनबाई पुन्हा धारेला बसली होती. मी कोठ्यात शिरलो आणि मोठीच्या मागून तिच्या तोंडाजवळ जात म्हणालो, "सोड ना बाई पान्हा, माझ्यासाठी मटण थांबलं आहे." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण पाय थेट शेणात गेला, घसरलो आणि गव्हाणीला लोंबकळलो. नवे पांढरे बूट पार कामातून गेले. दारातून बायको कडाडली:

"अहो, डोळे फुटले काय तुमचे? सांगून सांगून जीभ झिजली माझी! त्या गाईच्या लाथेखाली काहून तडफडायला गेले? केस पिकले, अक्कल कधी पिकन तुमची?"

मोठीचे कान तिच्या दिशेने वळले. ती सैलावली, वासराला चाटू लागली. सूनबाईच्या हाताखाली बादलीत सर्रकन आवाज झाला.

"आई! आला! पान्हा आला!"

आनंदाने बायको गप्प झाली, तशी धारही गप्प झाली.

"काकू, थांबू नका! बोला!"

आणि मग बाप्पा, लग्नापासूनचं सगळं बाहेर आलं. पलंगावरचा ओला टॉवेल, चालू राहिलेला गॅस, तिच्या भावाच्या लग्नात मांडवात मी काढलेली झोप. मी गव्हाणीला टेकून मान खाली घालून ऐकत होतो आणि दूध फेसाळत होतं. माझ्या अपमानाचा असा सदुपयोग आजवर कधी झाला नव्हता.

दाराबाहेरच्या खाटेवरून मालकीणबाई ओरडल्या, "म्हणजे? हिले शिव्या लागतेत?"

सूनबाईने मान वर न करता सांगितलं, "आई, तुम्ही धार काढताना मोठीले लई बोलता. सटवी, चोरटी, आयतखाऊ. रोज. मले वाटे का मलेच ऐकवून राहिल्या."

मालकीणबाईंचा चेहरा पाहवेना. "तुले? तुले काहून बोलू वं मी? दूध द्याले त्या म्हशीचं पोट दुखते म्हणून बोलतो मी." चिडल्या की त्या गाईलाही म्हैस म्हणत. मग म्हणाल्या, "इतके दिवस तू हेच समजून राहिली?" सूनबाईने मान डोलावली. आता सासूचे डोळे भरले.

बायको म्हणाली, "पोरी, आता तूच बोल. मी काय रोज मनीषनगरहून येऊ?"

सूनबाईने घसा साफ केला. "मोठे, जरा शहाणी हो ना." मोठीने शेपटी झटकली आणि दूध चोरलं. "सटवे," ती पुटपुटली, जणू माफी मागत होती. मला हसू आवरेना. इकडे मालकीणबाईंना राहवेना. त्या उठल्या, "अंगठा असा धर वं, असा नाई," म्हणत धड हात पुढे करून गाईच्या पायाशी वाकल्या, आणि मोठीने पाय उचलला.

"व्हा तिकडे!" सूनबाई अशी ओरडली की वासरू दचकलं. "एक हात मोडला थो पुरे नाई झाला का? दुसराही मोडून घ्यायचा हाय? बसा म्हटलं ना खाटेवर! आणि तू वं सटवे, लाथ कोणाले दाखवून राहिली? खाऊन खाऊन माजली, घरातल्या माणसाले ओळखत नाई? सोड मुकाट्यानं!"

मोठीने सोडला. अस्सा सोडला की बादली भरून उरलेल्या दुधाला स्वयंपाकघरातून गंज मागवावा लागला. मी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाई मुकाट्याने खाटेवर जाऊन बसल्या होत्या. त्या घरात त्यांना खाली बसवणारं त्या दिवसापर्यंत कोणी नसावं.

खरवस वाफेवर असतानाच मित्राचा फोन आला. मी सांगितलं, "तुम्ही जेवून घ्या, इथे महत्त्वाचं काम आहे." गुळाचा, वेलची घातलेला, थरथरता खरवस. मी तीनदा मागून घेतला. बायको वाटीकडे पाहत राहिली, पण बोलली नाही. त्या दिवसाचा कोटा कोठ्यात संपला असावा.

निघताना मालकीणबाईंनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, डाव्या हातानं जमत नाई. माह्या भावाले फोन लावून द्या. उद्या टेम्पो आणू नको म्हणा."

"काहून म्हणून विचारलं तर?"

आत कोठ्यात सूनबाई कुठल्यातरी गाईवर तोंडसुख घेत होती. मालकीणबाईंनी क्षणभर ते ऐकलं. मग पदराने डोळे पुसत, हसत म्हणाल्या, "सांगा त्याले, घरात मले रागावणारी आली."