काकांनी अडवलेली पानगळ

शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका म्हणजे एक वल्ली. पानगळ सुरू झाली हे त्यांनी जाहीर करायचं आणि बसभर मुलांनी टाळ्या पिटायच्या, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. कॅलेंडर गेलं उडत! उन्हाळ्यात बस काढताना लख्ख उजाडलेलं असायचं. दिवस लहान झाला की त्याच वेळी बाहेर अंधार असायचा आणि वर कृत्तिकांचा चिमूटभर पुंजका दिसायचा. तो दिसला की काका मान्यता द्यायचे. तोवर नाही.

यंदा मात्र सगळंच बिनसलं. बसच्या टपावर पिवळी पानं साचू लागली. काचेवर दव, आरशाच्या दांडीला कोळ्याचे लांब धागे. तारांवर पाकोळ्या दाटीवाटीने बसून दूरदेशी निघायच्या तयारीत. बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशी तर स्वेटर घालून यायला लागल्या. काका आपले हटून बसलेले.

"वरून हुकूम आलेला नाही. पानं काय, रोगानेही गळतात."

"मग पाकोळ्यांनाही रोग झालाय का?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही मुलं मोजा."

त्या दिवशी पहाटे बस सुरू करण्याआधी काका पुन्हा मान वर करून उभे होते. आभाळात एक ढग नाही.

"कृत्तिका यंदा उगवायलाच विसरल्या," ते पुटपुटले.

मावशींनी सहज वर बघितलं. "अहो, त्या काय! पाण्याच्या टाकीच्या वर. सहा तर मीच मोजल्या."

काकांनी डोळे चोळले, बारीक केले, पुन्हा बघितलं. टाकी होती. तिच्या वर नुसता काळोख.

"चेष्टा करू नका."

"चेष्टा कशाला करू? आठवडाभर बघतेय मी. मला वाटलं, तुम्ही मुलांना मुद्दाम ताटकळत ठेवताय."

काकांना कालची गोष्ट आठवली. कालच वळणावर मावशी "बाई, बाई!" म्हणून किंचाळल्या होत्या. काकांनी कचकन ब्रेक मारला होता आणि वर त्यांच्यावरच खेकसले होते, की गाडी मी चालवतोय. गडद कोट घातलेली ती बाई रस्त्याच्या मधोमध होती. गाडी थांबल्यावरच काकांना ती दिसली होती. तीच अचानक आडवी आली, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. मागे सगळी पोरं गाणी म्हणत होती.

इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, या फुशारकीवर जगलेला माणूस बसच्या पायरीवर मटकन बसला. पहिल्या थांब्यावर मुलं येऊन उभी राहायची वेळ झाली होती.

त्यांनी चावी मावशींच्या हातात ठेवली. "ऑफिसला फोन लावा. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं."

"बरं वाटत नाही का? काय सांगू, ताप आलाय?"

सबब आयती समोर आली होती.

"सांगा, ड्रायव्हरला दिसत नाही. आणि आजपासून नव्हे म्हणावं, बऱ्याच दिवसांपासून."