उजव्या पायाचा गिअर

नागपूरच्या त्या साहेबाचं तोंड आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. साहेब त्याला आम्हीच म्हणायला लागलो होतो, ही आणखी एक चीड. त्याच्याकडे जुन्या विलायती गाड्यांच्या तीन चकचकीत नकला होत्या, त्या आमच्याकडच्या शर्यतीला आणायला वेगळा ट्रेलर होता, आणि दुसऱ्याच्या गाडीत न विचारता हात घालायची सवय होती.

मी वेल्डिंग करते. आयटीआयमध्ये शिकले, आणि कारंज्याला हायवेवर माझं दुकान आहे. गेट, ग्रिल, कोळपणीच्या डवऱ्याची पास, ट्रॉलीची मोडलेली कडी, जे येईल ते करते. माझा मोठा भाऊ, दादा, घरची भाजीची शेती बघतो. दोघांना खाज मात्र एकच. जुन्या काळी विलायतेत लोक ज्या फोरस्ट्रोक गाड्या चिखलातून, टेकड्यांवरून पळवायचे, तशी हुबेहूब मोटोक्रॉस गाडी घरी बनवायची आणि शर्यतीत उतरवायची. बनवायची मी, पळवायची त्यानं.

मूळ गाडी बाबांची. तिच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं वांग्याचे कॅरेट आर्वीच्या बाजारात नेले. पुढे त्यांनी स्कूटी घेतली आणि ही गोठ्यामागे गंजत पडली. मी तिचा सगळा जामानिमा उतरवला. लेगगार्ड, डिकी, जाडजूड मडगार्ड, कॅरेटांसाठी ठोकलेलं कॅरिअर, सगळं गेलं. चेसिस मागून कापून वर घेतली. मागचं चाक धरणारा चिमटा दोन बोटं लांब केला. सायलेन्सर वळवून सीटच्या उंचीला आणला. पेट्रोलची टाकी आर्वीतल्या एका भांडी ठोकणाऱ्या म्हाताऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून घेतली. मी दाखवलेला फोटो त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "गंजी समजून करतो, बाई." गंजी म्हणजे आमच्याकडं पातेलं. बेस केली त्यानं. अजून एक थेंब गळत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम तशीच ठेवली. या जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायाशी असतो आणि ब्रेक डाव्या. आताच्या गाड्यांचं बरोबर उलटं. दादा रोज शेतात जातो ती गाडी आताची. त्यामुळे पहिल्याच चाचणीत त्यानं ब्रेक समजून उजव्या पायानं गिअर दाबला आणि गाडी सरळ कोबीच्या वाफ्यात घातली. नशीब, कोबी मऊ होती.

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. शर्यत सुटायच्या आधी तो उजवा बूट पुढे करायचा. मी पान्यानं त्यावर टकटक करायची, "हा गिअर." मग डाव्यावर, "हा ब्रेक." तो मान हलवायचा. दोन वर्षं याच्याशिवाय तो कधी सुटला नाही. लोक हसायचे, गाडीची पूजा चालली म्हणायचे. हसू देत. त्यानंतर त्याचा पाय एकदाही चुकला नाही.

सोयाबीन निघालं की कारंज्याजवळच्या एका पडीक रानात, मुरमाच्या टेकडीभोवती शर्यत व्हायची. मागच्या वर्षी दादा तिसरा आला. माणसं गाडीभोवती जमली. "कोणं बनवली?" एकानं विचारलं. "आमच्या घरीच," दादा म्हणाला. घरी म्हणजे कुणी, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी तिथंच उभी होते, हातावर वेल्डिंगचे चट्टे घेऊन. तो राग मी गिळला. तेव्हाच ओकून टाकला असता तर बरं झालं असतं.

यंदा शर्यतीच्या आधी माझं आर्वीला एका शेडचं काम निघालं. चार दिवस मावशीकडे राहिले आणि शर्यतीच्या सकाळी एसटीनं परस्पर मैदानावर आले. गाडी टेम्पोतून उतरवून ठेवली होती. चेन बघायला वाकले, तर डाव्या बाजूला गिअरची दांडी. क्रोमची, नवी कोरी. उजवीकडे ब्रेक. दोन्ही बाजू जोडायला एक लोखंडी दांडा, शाफ्ट, आरपार काढला होता, आणि त्यासाठी माझ्या चेसिसला भोक पाडलं होतं. पाडलं तर पाडलं, त्याच्या कडासुद्धा घासल्या नव्हत्या.

"हे कोणं केलं?" मी विचारलं.

दादानं दुसरीकडे पाहिलं. "साहेबानं. दोन दिवस त्याच्याकडं होती गाडी. म्हणे आता सगळ्या दुनियेत डावीकडंच रायते."

"आन मले काऊन नाई विचारलं?"

"तू आर्वीले गेलती. अन् त्याच्यात विचाराचं काय हाय? मी रोज डाव्या गिअरचीच गाडी चालवतो ना."

साहेब बाजूलाच उभा होता. तो माझ्याशी बोललाच नाही. दादाकडे बघून म्हणाला, "सिस्टर को समझा दो भाई, स्टँडर्ड यही है." आणि दादानं मान हलवली. ज्या मानेनं तो माझ्या पान्याला हो म्हणायचा, तीच मान.

माझं असं आहे, थोडा राग आला तर मी घर डोक्यावर घेते. फार आला की तोंड शिवते. त्या दिवशी मी तोंड शिवलं आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले.

गाड्या रांगेत लागल्या. दादानं हेल्मेट घातलं, किक मारली, आणि सवयीनं उजवा बूट पुढे केला. पाना माझ्या खिशात होता, मी दहा पावलांवर होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली. विचार आता तुझ्या साहेबाला, असं मनात म्हटलं, अगदी याच शब्दांत. बूट थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो मागे घेतला आणि झेंडा पडला.

पहिली फेरी ठीक गेली, कारण तो विचार करून चालवत होता. दुसऱ्या फेरीत तो दोघांना मागे टाकून टेकडीवर चढला, आणि मग विचार कुठला राहतो. उतारावर गाडीनं वेग घेतला, इंजिन वरचा गिअर मागायला लागलं. रोजच्या गाडीचा आवाज वेगळा, या गाडीचा वेगळा. हा आवाज कानात आला की दादाचा उजवा पाय आपोआप दाबतो. तो दाबला. तिथं आता ब्रेक होता. मागचं चाक जागीच जाम झालं, गाडी आडवी गेली आणि दादा उजव्या खांद्यावर मुरमात आपटला. कॉलरबोन मोडलं.

मैदानावर मी साहेबाला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. ट्रेलरला गाड्या बांधेपर्यंत मी त्याची पाठ सोडली नाही. दवाखान्यात वहिनीपेक्षा माझाच आवाज मोठा होता. पुढचा महिनाभर दुकानात जो येई त्याला मी ही कथा ऐकवली, आणि प्रत्येक जण म्हणाला, खरं आहे, त्या माणसाचीच चूक. हाताच्या घडीचा भाग मी कुणाला सांगितला नाही.

मी चेसिसचं भोक भरलं, घासून सपाट केलं. क्रोमची दांडी भंगारात फेकली. गिअर पुन्हा उजवीकडे बसवत होते तेव्हा दादा दुकानात येऊन स्टुलावर बसला, उजवा हात गळ्यात बांधलेला. कोबीची रोपं लावायचे दिवस होते आणि वहिनी एकटीच वाफ्यात वाकत होती. तेही मी साहेबाच्याच नावावर टाकलं. बोलत बोलत बोल्ट पिळत होते.

"बस कर वं," दादा म्हणाला. "त्यानं गिअर बदलला, खरं हाय. पण मी कसा चालवतो ते त्याले काय मालूम? तुले मालूम होतं. मी पाय पुढं केलता."

संताप झाला माझा. मग मला विचारलं का नाहीस, माझ्या चेसिसला भोक का पाडू दिलंस, लोकांना माझं नाव सांगताना जीभ का अडखळली, असं सगळं ओठांवर आलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि एकाही शब्दाचा उपयोग नव्हता. त्याचं हाड मोडावं असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं चुकावं, साहेबासमोर, सगळ्यांसमोर चुकावं, एवढं मला हवं होतं. ते मला मिळालं होतं. राग होता तेवढाच होता, फक्त आता तो साहेबावर टाकता येईना.

"बाराचा पाना दे," मी म्हणाले.

त्यानं पेटीत चाचपून पाना काढला आणि डाव्या हातानं माझ्यापुढे धरला.